दुबळ्या लहरीला प्रकाशाचे बळ

पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण. हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची क्षीण लहरही तिला टिपता येते. परंतु तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या. एवढ्या अंतरावर अशी लहर तांब्याच्या तारेतून नेली, तर ती वाटेतच विरून जाईल. म्हणून ती लेझरच्या प्रकाशावर स्वार करून ऑप्टिकल फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत आणली जाते.

येथे एक प्रश्न सहज उभा राहतो. प्रकाश लहरीला वाहून नेतो. तो तिला बळही देऊ शकेल काय?

उत्तर होकारार्थी आहे. लिथियम नायोबेटच्या मॉड्युलेटरमध्ये लेझरचा प्रकाश दोन वाटांत विभागला जातो. मायक्रोवेव्ह संकेताच्या विद्युत्क्षेत्राने स्फटिकाचा अपवर्तनांक किंचित बदलतो, दोन्ही प्रकाशलहरींची कला मागेपुढे होते आणि त्या पुन्हा एकत्र आल्या की प्रकाशाची तीव्रता संकेताच्या तालावर कमीजास्त होऊ लागते. पलीकडचा फोटोडिटेक्टर त्या प्रकाशाचे पुन्हा विद्युत्प्रवाहात रूपांतर करतो.

आता हिशेब पाहावा. मॉड्युलेटरमधील प्रकाश पूर्ण तेजापासून पूर्ण अंधारापर्यंत नेण्यास ५ व्होल्ट लागत असतील आणि फोटोडिटेक्टरमधील सरासरी प्रवाह १० मिलिअँपिअर असेल, तर ५० ओहमच्या आदर्श मंडलात संकेताची शक्ती सुमारे एकदशांश उरते. तोच व्होल्टेज १ वर आणला आणि प्रवाह २० मिलिअँपिअरवर नेला, तर ती सुमारे दहापट होते. मध्ये एकही इलेक्ट्रॉनिक विवर्धक नसताना!

ही जास्तीची शक्ती लेझरकडून येते. पाटाचे दार उघडणारा हात पाणी निर्माण करीत नाही. साठलेल्या पाण्याला तो केवळ वाट देतो. दुबळी लहर हे दार हलवते आणि लेझरचा बलवान प्रवाह तिचा आकार धारण करतो. लेझरची शक्ती दुप्पट केली की फोटोडिटेक्टरमधील प्रवाह दुप्पट होतो आणि संकेताची शक्ती चौपट.

मग लेझर वाढवीतच का जाऊ नये? कारण प्रकाश कणाकणाने येतो आणि त्या अनियमित आगमनाचा गोंगाट प्रवाहात उतरतो. हा गोंगाट लेझरच्या शक्तीच्या प्रमाणात वाढतो, संकेत मात्र तिच्या वर्गाच्या. तोवर लाभच आहे. परंतु लेझरच्या स्वतःच्या तेजातील चढउतारही वर्गाच्याच प्रमाणात वाढतात. ते वरचढ झाले की संकेत मोठा होतो, स्पष्ट होत नाही. शिवाय फोटोडिटेक्टरलाही प्रकाश सोसण्याची मर्यादा असतेच.

विवर्धनाची खरी कसोटी हीच. साखळीच्या पहिल्या पायरीवर मिसळलेला गोंगाट पुढचा कोणताही विवर्धक वेगळा काढू शकत नाही. तो संकेताबरोबरच वाढतो. म्हणूनच खोडदच्या तबकड्यांवर लहर प्रकाशाच्या हाती सोपवण्यापूर्वी अल्प-गोंगाटाच्या इलेक्ट्रॉनिक विवर्धकातून नेली जाते. ती पहिली जागा प्रकाशाला घ्यायची असेल, तर अधिक शांत लेझर, कमी व्होल्टेजवर चालणारे मॉड्युलेटर आणि अधिक प्रवाह पेलणारे फोटोडिटेक्टर हवेत. या तिन्हींवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने ‘किती पट वाढले?’ याआधी ‘किती निर्मळ राहिले?’ हे विचारावे.