चार मतांची शिकवणी

नगरसेवक नक्की काय करतो, हे आमच्या भागातल्या बऱ्याच जणांना तो नसताना कळलं. मार्च 2022 मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. वाटलं, चार-सहा महिन्यांचा प्रश्न आहे. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा असं करत करत गाडी थेट जानेवारी 2026 पर्यंत गेली. मधल्या काळात लोकसभा झाली, विधानसभा झाली, दोन्ही वेळा बोटाला शाई लागली; पण गल्लीतल्या गटाराचं झाकण फुटलं तर सांगायचं कुणाला, हा प्रश्न तसाच. आधारवरचा पत्ता बदलायला नगरसेवकाच्या सहीचं पत्र चालतं, हे आमच्या घरकामाच्या मावशींना पक्कं ठाऊक. त्या विचारायच्या, "ताई, आता कुणाची सही आणू?" माजी नगरसेवक होते. भावी तर प्रत्येक फ्लेक्सवर होते. सहीचा अधिकार असलेला मात्र एकही नव्हता.

आमचा गट त्याच काळात जमला. सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूची दहा-बारा माणसं: दोन निवृत्त शिक्षक, वीज कंपनीतून निवृत्त झालेले एक इंजिनिअर, कोपऱ्यावरचा मेडिकलवाला, दोघी गृहिणी, कॉलेजची काही मुलं आणि बँकेत आयुष्यभर खातेवह्या जुळवलेली मी. नोंदणी नाही, लेटरहेड नाही. बैठक देवळामागच्या अभ्यासिकेत. सुरुवातीला सगळ्यांना भिंती रंगवायच्या होत्या, 'मतदान करा' म्हणून. मला त्याचा मनापासून कंटाळा. ते सांगायला निवडणूक आयोगाकडे पैसा आहे, सिनेनट आहेत. माणूस उन्हातान्हात केंद्रावर येतो आणि यादीत नाव नाही म्हणून परत फिरतो, त्याचं काय? हा वाद मी जिंकले आणि शिक्षा म्हणून याद्यांचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

महापालिकेसाठी वेगळी मतदार नोंदणी नसते, हे आम्ही दारोदार सांगत फिरलो. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेतो आणि ती प्रभागांप्रमाणे फोडतो. या वेळी 1 जुलै 2025 ची यादी धरली होती. त्या दिवशी जो यादीत, तोच मतदार. नोव्हेंबरात प्रारूप यादी लागली की लोक म्हणायचे, "माझं नाव घालून टाका." तेव्हा घालता येत नाही. प्रभाग चुकला, लेखनात घोळ झाला, अशाच हरकती तेव्हा चालतात. नवीन नावासाठी फॉर्म 6 आणि पत्ता बदलण्यासाठी फॉर्म 8 त्याआधीच भरायला हवा. ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झालेली एक मुलगी तर हटून बसली. "मतदानाच्या दिवशी मी कायद्यानं सज्ञान असणार, मग?" उत्तर नाहीच होतं. पूर्वी वर्षातून 1 जानेवारी ही एकच तारीख धरली जायची, आता जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार असतात, एवढं तिला समजावलं. ती पुढे आमच्या गटातच आली, रागारागाने, आणि सर्वांत जास्त फॉर्म तिनेच भरून घेतले.

त्या प्रारूप यादीत काही नावांपुढे दोन-दोन तारे होते. आमच्या शेजारच्या काकांना वाटलं, ज्येष्ठ नागरिक म्हणून सन्मानाने दिलेत. ती संभाव्य दुबार मतदारांची खूण होती. नाव-आडनाव जुळणारी दुसरी नोंद कुठे सापडली की तारे. सामान्य नाव आणि तितकंच सामान्य आडनाव असलेल्यांची त्यात पंचाईत झाली. काकांना खरी परिस्थिती सांगितल्यावर ते तडक ओळखपत्र, रेशनकार्ड आणि लग्नाची पत्रिका घेऊन आले. पत्रिका कशाला, ते अजून कळलेलं नाही.

खरा धडा मात्र मला भाड्याच्या खोल्यांमध्ये मिळाला. लातूर, बीड, सोलापूरकडून येऊन इथे दहा-दहा वर्षं राहिलेली माणसं. पाणी इथलं, रस्ता इथला, मुलांची शाळा इथली. मतदान मात्र गावाला. मी फॉर्म 8 पुढे केला की हसायचे. एक रिक्षावाले दादा म्हणाले, "मॅडम, ग्रामपंचायतीला एका मतानं सीट जाते. भावकीनं विचारलं, तुझं मत कुठंय, तर काय सांगू?" शेताचा बांध, विहिरीतला वाटा, म्हाताऱ्या आईचं आजारपण, सगळं त्या भावकीवर अवलंबून. नगरसेवकाने त्यांच्यासाठी आजवर काय केलं होतं की त्यांनी ते मत इकडे आणावं? त्यांना उदासीन म्हणणाऱ्यांशी माझं तेव्हापासून जमत नाही. त्यांचा हिशेब माझ्या हिशेबापेक्षा चोख होता. मी फॉर्म पिशवीत टाकले आणि त्यांना माहिती अधिकाराचा अर्ज कसा करायचा ते दाखवलं. त्याला मतदार असावं लागत नाही.

डिसेंबरात निवडणूक जाहीर झाली आणि मग चार मतांची शिकवणी सुरू झाली. आमच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा. प्रत्येक मतदाराने चारही जागांसाठी बटण दाबायचं. प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची: पांढरी, फिकी गुलाबी, फिकी पिवळी, फिकी निळी. एखाद्या जागेसाठी कुणीच पसंत नसेल तर तिथलं 'नोटा' दाबायचं. पण चारही झाल्याशिवाय मतदान पूर्ण झाल्याचा तो लांब आवाज येत नाही. मागची निवडणूक 2017 ची, तेव्हाही चारच मतं होती. पण मधली नऊ वर्षं लोकांनी विधानसभा-लोकसभेचं एकच बटण दाबलेलं, त्यामुळे पाटी कोरी.

मेडिकलवाल्याने औषधांचे रिकामे खोके दिले. मुलांनी त्यावर चार रंगांचे कागद चिकटवून यंत्र बनवलं, बटणांच्या जागी शर्टाची निळी बटणं. अडचण आली चिन्हांची. खरी चिन्हं वापरली तर प्रचार होतो. म्हणून भाज्या काढल्या: फ्लॉवर, ढोबळी मिरची, भेंडी. इंजिनिअरसाहेबांनी चष्मा लावून मुक्त चिन्हांची यादी वाचली, तर भाज्या त्यात हजर. अपक्षांना मिळतात ती. फळंही गेली, भांडीही गेली. शिट्टी, कपाट, टेबल, काहीच सुटलेलं नाही. शेवटी नुसते ग, म, भ, न लिहिले.

वस्तीत हे खोकं घेऊन बसलो तेव्हा एका आजींनी पहिल्याच फटक्यात विचारलं, "एकाच माणसाला चारदा देता येतं का?" नाही, आजी. "मग चारही एकाच पक्षाचे पायजेत का?" तेही नाही. आजी जरा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी पांढऱ्यावर एक, गुलाबीवर दुसरं असं सावकाश बोट ठेवत चार वेगळी अक्षरं दाबली आणि सुनेकडे बघून म्हणाल्या, "बघ, घरातल्या सगळ्यांचं मन राहतंय." पॅनेलचा प्रचार करणाऱ्यांना हे अजिबात आवडणार नाही, याची मला खात्री होती. दोनच दिवसांत एक कार्यकर्ता येऊन "लोकांना कन्फ्यूज करू नका" असं सांगून गेलाही.

त्याच वस्तीत पैठणीचे खेळ झाले होते, देवदर्शनाच्या बसही निघाल्या होत्या. शिक्षकमंडळींना त्यावर एक भाषण द्यायचं होतं. बायकांनीच ते वाचवलं. "बसमध्ये बसलो म्हणून मत दिलं असं थोडीच आहे? दर्शन देवाचं झालं." भाषण रद्द.

सगळ्या उमेदवारांना एका मंचावर आणायची सभा हा आमचा मोठा घाट. प्रश्न चिठ्ठ्यांवर, प्रत्येकाला उत्तरासाठी दोन मिनिटं, वेळ संपली की घंटा. अपक्ष सगळे वेळेवर आले. मोठ्या पक्षांचे काही उशिरा आले, काहींनी भाऊ पाठवले. मेट्रो आणू, नोकऱ्या देऊ, असं बरंच झालं. त्यातलं नगरसेवकाच्या हातात किती, ते आम्ही फळ्यावर आधीच लिहून ठेवलं होतं, पण फळ्याकडे मंचावरच्यांची पाठ होती. सोसायट्यांकडून आलेल्या चिठ्ठ्यांत पार्किंग, भटकी कुत्री आणि टँकर. मग मागून एक बाई उठल्या. चिठ्ठी नव्हती. म्हणाल्या, "सार्वजनिक संडासात रात्री दिवा नसतो. मी पोरीला एकटी पाठवत नाही, सोबत जाते. तुमच्यातलं कोण रात्री तिथं गेलंय, तेवढं सांगा." मंचावर माईक या हातातून त्या हातात फिरत राहिला. एक तरुण अपक्ष म्हणाला, "नाही गेलो." बाकीचे 'सर्वंकष विकास' या विषयावर बोलले. माझ्या मते त्या संध्याकाळचं एकमेव प्रामाणिक उत्तर त्या पोराचं होतं. तो पडला, अनामतही गेली असावी.

मतदान 15 जानेवारीला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. "किंक्रांतीला कुठं चांगलं काम करतात?" असं म्हणणाऱ्या दोन-तीन जणी भेटल्या, पण गेल्या सगळ्या. दुसऱ्या दिवशी निकाल. आमच्या प्रभागात कोण निवडून आलं हे मी लिहिणार नाही, गटाचा तो नियम आहे.

निकालानंतर अभ्यासिकेतली गर्दी निम्म्यावर आली. हे होणारच होतं. राहिलेल्यांत त्या संडासवाल्या बाई होत्या. पुण्यात 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेतात, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन, हे त्यांना प्रथमच कळलं. क्षेत्रसभेची, म्हणजे भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद कायद्यात 2009 पासून आहे, हे तर आमच्यातल्या शिक्षकांनाही नवीन होतं. इंजिनिअरसाहेबांनी वायरिंग, दिवे आणि जाळीचं कव्हर धरून खर्च काढला. बाई म्हणाल्या, "जाळी जाड धरा, बल्ब चोरतात." मग चौघा नगरसेवकांच्या नावाने चार पत्रं तयार झाली. पोच घ्यायची, असं मी दोनदा बजावलं. बाई म्हणाल्या, "ते मला येतं. रेशनच्या दुकानात शिकलेय," आणि चारही पत्रं पदराखाली घेऊन निघाल्या.