लॅपटॉपचा उपवास

सहामाही परीक्षेच्या आदल्या रात्रीं आमच्या लॅपटॉपनें अन्नत्याग केला. बॅटरी शेंकडा 9 उरलेली. चार्जर जोडला, तरी दिवा कांहीं लागेना. आमचीं सारीं टिपणें त्याच्या पोटांत! दुपारीं धाकट्या बंधूनें तो हाताळला होता; तेव्हां अपराधी कोण, हें आम्हीं तत्क्षणीं ठरविलें व त्यास रडविलेंहि.

मग सॉकेटला टेबलावरील दिवा लावून पाहिला, तो पेटला. मोबाइलचा चार्जर जोडणार, तों वडील हंसले. आमच्या चार्जरवर 20 व्होल्ट, 3.25 अँपिअर, म्हणजे 65 वॅट, असें छापलेलें; मोबाइलचा अवघा 10 वॅटचा. हत्तीस मूठभर चुरमुरे! शेजाऱ्यांकडून 65 वॅटचा आणला; तरी तेंच.

शेवटीं वडिलांनीं यंत्र बंद करून चार्जिंगच्या भोंकांत विजेरीचा झोत टाकला. आंत तंतूंची घट्ट गुठळी! पिन पुरती बसतच नव्हती. लांकडी दांतकोरण्यानें ती हळूच काढली (येथें टांचणी घालूं नये, आंतील नाजूक पट्ट्या बिघडतात) आणि दिवा लागला.

गुठळी निळी होती. आमच्या दप्तराचें अस्तर निळें आहे, आणि लॅपटॉप त्यांत रोज आम्हीच कोंबतों. बंधु तोंवर झोपीं गेला होता.