चार आकड्यांची ओळख
बेंगळुरूच्या संगोळ्ळी रायण्णा स्थानकात सकाळी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस आली, की बाहेर आपली बोली कानी पडते. रायण्णांना १८३१ साली नंदगडला फाशी झाली. त्याच खानापूर तालुक्यातल्या एक आजी परवा माझ्या टॅक्सीत येऊन बसल्या. गाडी मुलाने बुक केलेली. त्याचे नाव बरोबर सांगितले, पण ओटीपी त्याच्या फोनवर.

"आपल्याकडचाच की रे तू, चल!"

एकदा मीच नाव उच्चारले, तर 'होय' म्हणत भलताच प्रवासी बसला होता; आकडे जुळेनात तेव्हा कळले. म्हणून मुलाला फोन लावला. त्याने कन्नडमधून चार आकडे सांगितले, जुळले.

मग म्हटले, "आजी, बोलीवर विसंबू नका. आधी गाडीचा नंबर बघावा."

आजी खाली उतरल्या, मुलाला फोनवर नंबर वाचून दाखवला, आणि मगच बसल्या.