शेंडेफळ टिल्लू

कॉकाटेल या परदेशी पक्ष्याची मादी सगळी अंडी एकदम घालत नाही. एक दिवसाआड एक, अशी साधारण चार ते सहा. उबवायला 18 ते 21 दिवस लागतात. दिवसा बहुधा नर बसतो, रात्री मादी. अंडी मागेपुढे घातलेली, म्हणून पिल्लंही मागेपुढेच बाहेर येतात. थोरलं मान ताणून घास मागत असतं तेव्हा धाकट्याचे डोळेसुद्धा उघडलेले नसतात. टिल्लू हे आमच्या जोडीचं शेंडेफळ.

आईबाप दोघंही मायेनं भरवत होते. पण जो जास्त ओरडेल, मान जास्त उंच करेल, त्याच्याच चोचीत घास पडायचा. घरट्याच्या पेटीत डोकावायचा सासूबाईंचा रोजचा नेम. त्यांच्याच आधी लक्षात आलं. "अगं, बाकीच्यांच्या गळ्याखाली फुगवटा दिसतो, ह्याचं सपाटच आहे बघ." पिल्लाच्या गळ्याखाली अन्न साठवायची पिशवी असते आणि कातडी इतकी पातळ, की आतले दाणे बाहेरून दिसतात. टिल्लूची पिशवी सकाळीही रिकामी, संध्याकाळीही रिकामी. पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवलं आणि त्यांच्या सांगण्यावरून त्याला बाहेर काढलं. सोबत त्याच्या वरच्या भावंडालाही घेतलं. एकट्यानं माणसांत वाढलेल्या पिल्लाला पुढे आपल्या जातीच्या पाखरांत रमणं अवघड जातं, आणि शिवाय दोघं एकमेकांना बिलगली की ऊबही राहते.

पिल्लांसाठी तयार पावडर मिळते. उकळून निववलेल्या पाण्यात ती कालवायची, गुठळी राहू द्यायची नाही. सगळं येऊन अडतं ते तापमानाशी. 39-40 अंश सेल्सिअस हवं, आणि ते बोटानं अजमावून चालत नाही, थर्मामीटरच लागतो. जास्त गरम झालं तर ती नाजूक पिशवी आतून भाजते. गार झालं तर अन्न पुढे सरकत नाही, तिथेच आंबतं आणि पिल्लू दगावतं. मी वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून भरवायची, म्हणजे दुसऱ्याची पाळी येईपर्यंत घास गार होत नसे. मायक्रोवेव्हमध्ये मात्र हे अन्न कधी गरम करू नये. वर कोमट लागतं आणि आत एखादा घोट पोळणारा असतो.

सुई नसलेली सिरिंज पिल्लाच्या डाव्या बाजूनं चोचीत धरायची आणि टोक उजवीकडे वळवायचं, कारण अन्ननलिका मानेच्या उजव्या बाजूनं उतरते. चोचीच्या कोपऱ्याला स्पर्श झाला, की टिल्लू अख्खं अंग हलवत, मान वरखाली करत, 'कर्र कर्र' आवाज काढत घास ओढायला लागायचा. त्या हेलकाव्यांच्या लयीतच सोडायचं. मान थांबली की आपला हातही थांबलाच पाहिजे, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जातं. एका वेळी वजनाच्या साधारण दहावा हिस्सा, त्याहून जास्त नाही. मग कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं चोच आणि हनुवटी पुसायची. वाळलेला घास तिथे सिमेंटसारखा घट्ट बसतो आणि खाली नवी पिसं कुजतात.

रोज सकाळी, पहिल्या घासाआधी, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वाटी ठेवून त्यात त्याला बसवायचं. सासूबाई चष्मा लावून आकडा वाचायच्या आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहायच्या. आकडा वाढला, की दिवस चांगला. रात्रभरात पिशवी पूर्ण रिकामी झाली की नाही, तेही बघायचं; शिळ्यावर ताजं घालायचं नाही.

पिसं आधी निळसर नळ्यांसारखी येतात, मग त्या नळ्या टोकाकडून फुटतात. टिल्लूचा तुरा असा फुटला तेव्हा सासूबाईंनी शेजारच्या काकूंना मुद्दाम बोलावून दाखवला. मग पंख फडफडवायला लागला आणि एकाएकी खाणं कमी झालं, वजनही थोडं उतरलं. उडायच्या सुमारास हे होतंच. भाराचं अंग उचलत नाही. अशा वेळी जबरदस्तीनं भरवू नये. मी राळ्याचं कणीस टांगलं, मऊ शिजवलेला मका आणि कोथिंबीर ठेवली. आधी नुसती कुरतडून टाकली. मग एका दुपारी दाणा सोलून त्याचं टरफल त्यानं बाजूला टाकलेलं मी पाहिलं. तेव्हासुद्धा रात्रीचा घास लगेच बंद केला नाही. दाणे सोलता येणं वेगळं आणि त्यावर पोट भरणं वेगळं. कॉकाटेल सात-आठ आठवड्यांचा झाला तरी घास मागू शकतो, आणि मागेल तोवर तो द्यावा.

पुढे तो आईबापांच्या मोठ्या पिंजऱ्यात त्यांच्यातलाच एक होऊन राहिला. संध्याकाळी बाहेर सोडला की सासूबाईंच्या खांद्यावर बसायचा आणि कुकरच्या शिट्टीला शिट्टीनं उत्तर द्यायचा. बाकीची भावंडं, जी आईबापांनीच वाढवली, तीही हातावर येत. पाखरू माणसाळायला त्याला आईपासून तोडावं लागतं, हे मला म्हणूनच मुळीच पटत नाही. रोज थोडा वेळ पेटीपाशी बसा, हळू बोला, तेवढं पुरतं. हातानं भरवणं हा जीव वाचवायचा उपाय आहे, हौस नव्हे.

आपल्याकडच्या हिरव्या पोपटांची पिल्लं झाडाच्या ढोलीतून काढून विकतात, त्यांच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार आपले देशी पोपट पकडणं, विकणं आणि पाळणं हा गुन्हा आहे. असं पिल्लू कुठे विकताना दिसलं किंवा ढोलीतून पडलेलं सापडलं, तर वनविभागाला 1926 वर कळवा. आणि कॉकाटेल किंवा लव्हबर्डसारखा परदेशी पक्षी घ्यायचा असेल, तर दुकानदार पिल्लासोबत सिरिंज देऊ लागला की ते पिल्लू घेऊ नका. आपल्या डोळ्यांसमोर दाणे सोलून पोटभर खाताना दिसेल, तेव्हाच ते घरी आणा.