रिगला न जमणारी मिठी

टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये एवढी मारामारी का असते, असं पालक मला हमखास विचारतात. लेखकांना दुसरं सुचत नाही, मुलांना तेच आवडतं, ही उत्तरं मला पटत नाहीत. मी मालिकांचे स्टोरीबोर्ड काढते आणि माझ्या मते मोठं कारण रिगमध्ये दडलंय.

टूडी मालिकेतलं पात्र हल्ली दर फ्रेमला नव्यानं काढत नाहीत. डोकं, बुबुळं, दंड, मनगट, पंजा असे सुटे तुकडे सांध्यांना जोडतात. ओठांचे आठ-दहा आकार तयार असतात, ते संवादाप्रमाणे बदलायचे. अशी रिग एकदा बनली की ती शेकडो एपिसोडना पुरते. ठोसा तर फारच स्वस्त पडतो: हात पुढे, एक पांढरी फ्रेम, थोडा धुरळा, कॅमेरा हलवला की झालं. मिठी मात्र महाग. एकाचा हात दुसऱ्याच्या पाठीवर यायचा तर लेयरचा क्रम मधेच बदलावा लागतो, बोटं नव्यानं काढावी लागतात, सदऱ्याच्या चुण्या सांभाळाव्या लागतात. 11 मिनिटांच्या एपिसोडच्या वेळापत्रकात एवढी सवड नसते. मग बोर्डावरच मिठीच्या जागी टाळी येते. आईनं वेणी घालणं, नदीत पाय सोडून बसणं, ओला सदरा पिळणं, असलं सगळं गोष्टींतून हळूहळू गळून गेलं.

2008 मध्ये पोगोवर 'छोटा भीम' आला तेव्हा आमच्या क्षेत्रात उत्साह होता. तोवर मुलांच्या वाहिन्यांवर परदेशी मालिकांचंच राज्य. राजीव चिलका यांच्या ग्रीन गोल्डनं देशी मालिका वर्षानुवर्षं चालवून दाखवली, हे फार मोठं काम. 2012 मध्ये 'लोटपोट'मधले मोटू-पतलू निकवर थ्रीडीत आले, 2018 मध्ये सिनेमातल्या सिंघमचा 'लिटल सिंघम' झाला. रिगसारखीच इथेही काटकसर: पात्र आधीच ओळखीचं हवं, हा आता रिवाजच पडलाय. मुलांसाठी कोरं पात्र घडवायला कुणी पैसे लावत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

काटकसर काही आजची नाही. विजया मुळे यांचा 'एक अनेक और एकता' हा 1974 चा फिल्म्स डिव्हिजनचा लघुपट पुन्हा बघा. त्यातली भीमसेन यांची रेषा अगदी साधी, हालचाली मोजक्या. पण जाळ्यासकट उडणारे पक्षी आणि ताईभोवती जमलेली मुलं यांत एकमेकांचा आधार दिसतो. चित्रं कुठे खर्चायची, हे तिथे विचारपूर्वक ठरवलेलं आहे.

पाच सेकंदांची मिठी म्हणजे 125 फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तर साठेक चित्रं. दर एपिसोडला एवढा एक शॉट रिगबाहेर, हातानं काढायला मिळावा, ही मागणी मी नव्या मालिकेच्या पहिल्याच बैठकीत करते. बजेट एकदा ठरलं की साठ चित्रंसुद्धा कुणी देत नाही.