पाण्याखालचे मुद्दल

व्यापारी घरात हिशेबाची एक शिकवण फार लवकर कानी पडते : व्याजावर घर चालवावे, मुद्दलाला हात लावू नये. कॅरिबियन समुद्रातील सेबा नावाच्या एका लहानशा बेटाने हीच शिकवण आपल्या समुद्राला लावून पाहिली आहे.

बेट अवघे १३ चौरस किलोमीटरचे. ज्वालामुखीचा एक डोंगरच जणू पाण्यातून डोके वर काढून उभा आहे. माउंट सीनरी हे त्याचे शिखर ८५० मीटरहून उंच आहे. सपाट भूमीसाठी प्रसिद्ध असलेल्या नेदरलँड्सच्या राज्यातील सर्वांत उंच ठिकाण ते हेच. चहूबाजूंनी कडे, वर्षभर टिकणारी वाळूची चौपाटी नाही. पूर्वी होडीतून उतरलेला माल कड्यात खोदलेल्या सुमारे ८०० पायऱ्यांवरून माणसे डोक्यावर वाहून नेत. शेतीला जागा थोडी, बंदराला त्याहून थोडी. मात्र वर दिसणारा कडा पाण्याखालीही तसाच खोल उतरत जातो, आणि बेटाची खरी ठेव तेथे आहे.

ती ठेव पाहण्यासाठी नवखा पाणबुडा पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून उतरतो, तेव्हा त्याला पहिला धडा मिळतो तो खर्चाचा. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, ३० मीटरवर चौपट. हवाही त्याच प्रमाणात वेगाने संपते. काटा सतत पाहावा लागतो. जमिनीवर ज्याचा कधी हिशेब ठेवला नाही, तो श्वास तेथे मोजून घ्यावा लागतो.

समोर ज्वालामुखीच्या खडकाचे सुळके खोल अंधारातून वर आलेले असतात. त्यांवर पिंपाएवढे स्पंज, पंख्यासारखी पसरलेली प्रवाळे. एखादे कासव शांतपणे बाजूने निघून जाते. एके ठिकाणी मोठा हेकरू मासा जबडा उघडून स्थिर राहिलेला दिसतो. चिमुकले मासे आणि कोळंब्या त्याच्या दातांतून, कल्ल्यांतून फिरून तेथील परजीवी कीटक वेचून खातात. एका क्षणात तो त्यांना गिळू शकेल. पण सहसा गिळत नाही. एकाला स्वच्छता मिळते, दुसऱ्याला अन्न. विश्वासावर चाललेला हा व्यवहार पाहून पाणबुडा थबकतो.

त्याचा हात आपोआप जवळच्या प्रवाळाकडे जातो. मार्गदर्शक बोट हलवून नकार देतात. ते प्रवाळ म्हणजे निर्जीव दगड नव्हे. असंख्य इवल्या जिवांची ती वसाहत. त्याचे भरीव गोळे वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. हात मागे येतो. पुढे तळाशी पिवळसर वाळूचा एक पट्टा लागतो. तेथे मात्र हात टेकायला खुणावले जाते, आणि वाळू ऊबदार लागते. ज्वालामुखी निजला आहे, विझलेला नाही.

१९८७ मध्ये बेटाभोवतालचा समुद्र, भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत, संरक्षित करण्यात आला. मासेमारी सरसकट बंद झाली नाही. काही पट्टे मासेमारांचे राहिले, काही केवळ पाणबुड्यांसाठी राखले गेले. नांगर टाकण्याच्या जागा ठरल्या. पाणबुड्यांच्या होड्यांसाठी कायमचे तरंगते बोये बसवले, म्हणजे शतकभर वाढलेले प्रवाळ एका नांगराने चुरडले जाऊ नये. पाणबुडे शुल्क भरतात, त्यातून राखणीचा खर्च निघतो. काही न घेता परतणाऱ्या माणसांवर बेटाची मिळकत उभी राहिली.

तरीही सर्व जोखीम कुंपणाने टळत नाही. लांब काळ्या काट्यांचा सी अर्चिन हा येथील अगदी सामान्य जीव. त्याला पाहायला कोणी मुद्दाम उतरत नसे. १९८३-८४ मध्ये रोगाच्या साथीने कॅरिबियन समुद्रातील ९० टक्क्यांहून अधिक अर्चिन मेले. ते खडकांवरचे शेवाळ खात असत. ते गेले, शेवाळ माजले, आणि नव्या प्रवाळांना रुजायला जागा उरेना. ज्याची कोणत्याही वहीत नोंद नव्हती, तो किती भार उचलत होता हे तो नाहीसा झाल्यावर कळले.

सेबाच्या लोकांनी अर्चिनची पिल्ले सांभाळून, वाढवून पुन्हा खडकांवर सोडण्याचे प्रयत्न केले. २०२२ मध्ये पुन्हा साथ आली. उरल्यासुरल्यांतील बरेच त्यातही गेले. ज्याने मुद्दल जपले, त्यालाही नुकसान सोसावे लागते. पण ज्याने ते आधीच उधळले, त्याच्याजवळ पुन्हा आरंभ करायला काही उरत नाही.

परतताना पाणबुडा ५ मीटरवर ३ मिनिटे थांबतो; शरीरात साठलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून. खाली खडक धूसर होत जातात. वर आल्यावर होडीची दोरी बोयावरून सोडली जाते. तळाशी तिचा ओरखडाही उरत नाही.