पाण्यातून काढायचं ते

ऑस्ट्रिया-जर्मनीत गेली काही दशकं क्लोरीन न घालता पोहण्याची तळी बांधतात. एका भागात माणसं पोहतात, शेजारच्या उथळ भागात खडीवर पाणकणीस, लव्हाळे, कमळं वाढतात आणि पाणी दोन्हींतून फिरत राहतं. रसायन नाही म्हणजे फारशी देखभालही नाही, ही समजूत मला साफ चुकीची वाटते. नेहमीच्या तलावाची निगा म्हणजे पाण्यात काहीतरी घालत राहणं. इथे वर्षभर पाण्यातून काढत राहावं लागतं. हिशेब असतो फॉस्फरसचा. नायट्रोजनचा काही भाग तरी वायू होऊन हवेत निघून जातो. पानं, धूळ आणि पोहणाऱ्यांच्या अंगावरून आलेला फॉस्फरस मात्र तळ्यातच राहतो आणि शेवाळाला त्याचा कणही पुरतो. तो वनस्पतींनी शोषला, तरी त्या कापून बाहेर नेल्याशिवाय तळ्याची सुटका नाही.

म्हणून शरद ऋतूत पाण्यावर जाळी ताणतात. बुडालेलं पान कुजलं की झाडाने जमवलेलं सगळं पाण्यात उतरतं. वाळलेली खोडं पाण्याच्या वर कापतात, कारण पोकळ खोडात पाणी शिरलं की ते आतून सडतं. खरी परीक्षा वसंतात. ऊन वाढतं, वनस्पती अजून झोपलेल्या असतात आणि पाणी हिरवं होतं. अशा वेळी सगळं पाणी बदलायचा मोह होतो, पण नव्या पाण्याबरोबर नवा फॉस्फरस येऊ शकतो. त्यापेक्षा तंतुमय शेवाळ काठीला गुंडाळून ओढावं, ते थोडा वेळ काठावर ठेवावं, म्हणजे त्यात अडकलेले किडे पाण्यात परततात. मग थोडं थांबलं की डॅफ्नियासारखे जेमतेम दिसणारे जीव वाढतात, तरंगतं शेवाळ खातात आणि तळ दिसू लागतो. हे थांबणंही देखभालीतच मोडतं.

क्लोरीन जंतू तत्काळ मारतं, वनस्पती मारत नाहीत, हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. त्याचं उत्तर मर्यादेत आहे. स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ रीहेन इथे हर्झोग आणि द म्यूरॉन यांनी आखलेला सार्वजनिक तलाव २०१४ मध्ये खुला झाला. त्याचं पाणी रस्त्यापलीकडच्या उतारावरच्या वनस्पतींच्या वाफ्यांतून गाळून येतं आणि त्याची आखणी दिवसाला २,००० माणसांच्या हिशेबाने केलेली आहे. पाणी नियमित तपासायचं, पोहण्याआधी प्रत्येकाने अंघोळ करायची आणि ऐन उन्हाळ्यात गर्दी वाढली तर दार बंद करायचं, एवढा करार पोहणाऱ्यांना मान्य नसेल, तर तिथे क्लोरीनचाच तलाव बांधलेला बरा.